माहिती सुरक्षा आणि आपत्तीनंतरची उभारणी : प्रमुखपदावरील व्यक्तीला नेमके काय यावे लागते?

उत्तररात्र (धागाकर्ता)

आमच्या संस्थेत माहिती सुरक्षा आणि आपत्तीनंतरची उभारणी या दोन्हींची जबाबदारी एकाच प्रमुखाकडे सोपवण्याचे ठरले असून, त्या पदासाठी कामाचे वर्णन लिहून देण्याचे काम माझ्याकडे आले आहे. गेली सतरा वर्षे मी सर्व्हर, स्टोरेज आणि नेटवर्क यांतच काढली, त्यामुळे दोन संध्याकाळी बसून हे लिहून होईल असे मला वाटले होते. पहिला मसुदा खरोखरच दोन संध्याकाळी झाला. त्यात प्रमाणपत्रांची नावे होती, अनुभवाची वर्षे होती, फायरवॉल आणि बॅकअपच्या उत्पादनांची यादी होती. तो वाचून पाहिला तेव्हा लक्षात आले, की आठ वर्षांपूर्वीच्या एका रात्री आमच्या तेव्हाच्या ज्या प्रमुखांसमोर आम्ही सगळे हतबल उभे होतो, ते या मसुद्यातील प्रत्येक अटीत चपखल बसतात.

त्या रात्रीबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण माझा प्रश्न तिथूनच आला आहे. मी तेव्हा दुसऱ्या संस्थेत होतो. शनिवारी रात्री मुख्य स्टोरेज बंद पडले आणि त्यावर चालणारी सगळी यंत्रणा बसली. बॅकअप व्यवस्थित होता. आदल्या रात्रीची प्रत पूर्ण झाल्याची नोंद आमच्या डोळ्यांसमोर होती. रिस्टोअर, म्हणजे प्रतीवरून यंत्रणा परत चढवणे, सुरू केले, तर त्याने कूटबद्ध प्रत उघडण्यासाठी परवलीचे वाक्य मागितले. ते वाक्य पासवर्ड जपून ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये होते आणि ते सॉफ्टवेअर त्याच बंद पडलेल्या स्टोरेजवर होते. पहाटे चारच्या सुमारास एका सहकाऱ्याला आठवले, की नोकरी सोडून गेलेल्या एका प्रशासकाने असले काही लिहून लेखा विभागाच्या तिजोरीत ठेवायला दिले होते. तिजोरीची किल्ली असलेल्या व्यक्तीला झोपेतून उठवून आणले. पिवळ्या पाकिटात चौघडी केलेला कागद निघाला, आणि त्यावरील शून्य आहे की इंग्रजी ओ हे ठरवण्यात आणखी वीस मिनिटे गेली.

तरीही त्या रात्री खरे नुकसान पाकिटामुळे झाले नाही. प्रत उघडल्यावर आधी काय उभे करायचे, यावर तीन तास वाद झाला. मालपाठवणी विभागाचे म्हणणे एक, लेखा विभागाचे दुसरे, ग्राहकसेवेचे तिसरे. आमचे प्रमुख तांत्रिकदृष्ट्या आमच्यापैकी कोणाहूनही कमी नव्हते. ते स्वतः कीबोर्डवर बसून आज्ञा टाईप करत होते, आणि निर्णय मात्र कोणीच घेत नव्हते. त्यांना दोष देण्याचा माझा हेतू नाही, कारण तो निर्णय घेण्याचा अधिकार त्यांना कधी कोणी लेखी दिलाच नव्हता.

माझा प्रश्न असा आहे, की अशा वेळी उपयोगी पडणारे जे कसब असते, ते नोकरीच्या जाहिरातीत कोणत्या शब्दांत मांडायचे आणि मुलाखतीत ते कसे ओळखायचे?

ताळेबंद

मी तांत्रिक क्षेत्रातला नाही. वित्त आणि जोखीम व्यवस्थापनाचे काम करतो आणि बंद पडलेल्या यंत्रणेच्या दुसऱ्या टोकाला बसून वाट पाहणाऱ्यांपैकी आहे. आपण वर्णन केलेला तीन तासांचा वाद त्या रात्री सुरू झाला नव्हता. तो दोन-तीन वर्षे आधी व्हायला हवा होता, बैठकीच्या खोलीत, सगळे शांत असताना. तो तिथे घडवून आणणे हे मला या प्रमुखाचे पहिले काम वाटते.

आपल्याला माहीत असलेल्याच दोन संज्ञा घेतो. आरटीओ म्हणजे यंत्रणा किती वेळात परत चालू झाली पाहिजे आणि आरपीओ म्हणजे शेवटच्या किती वेळाची माहिती गमावणे आपल्याला परवडेल. या दोन्ही आकड्यांना बहुतेक ठिकाणी तांत्रिक आकडे समजले जाते आणि ते तांत्रिक विभागाने भरून टाकलेले असतात. प्रत्यक्षात ते व्यवसायाचे आकडे आहेत. आरपीओ चार तासांचा आहे याचा अर्थ असा, की दुपारी एक वाजता यंत्रणा कोसळली तर सकाळी नऊनंतर आलेली प्रत्येक ऑर्डर, प्रत्येक पावती, प्रत्येक दुरुस्ती नाहीशी झाली असे धरून तुमची माणसे ती पुन्हा भरणार आहेत. हे वाक्य विभागप्रमुखाला ऐकवून, त्यावर त्याची सही घेतली, की तो आकडा खरा होतो. तोवर तो रकाना भरण्यापुरताच असतो.

कोणत्याही विभागप्रमुखाला "तुमची यंत्रणा किती महत्त्वाची?" असे विचारले, तर उत्तर ठरलेले असते. आमच्याकडे आलेल्या एका प्रमुख बाईंनी हा प्रश्न विचारलाच नाही. त्यांनी प्रत्येकाला विचारले, "संगणक अजिबात नसताना तुम्ही कागदावर किती दिवस काम रेटाल, आणि कोणत्या दिवशी हात टेकाल?" उत्तरे देताना लोक विचारात पडले. पगारपत्रक करणाऱ्या विभागाने सांगितले, की महिन्याचे पहिले तीन आठवडे आमचे काही अडत नाही, शेवटच्या आठवड्यात मात्र एक दिवसही चालणार नाही. म्हणजे एकाच यंत्रणेचा अग्रक्रम तारखेनुसार बदलतो, ही गोष्ट आमच्या आधीच्या जाडजूड आराखड्यात कुठेच नव्हती.

आपल्या जाहिरातीत मी एवढेच लिहीन, की या व्यक्तीने पूर्वी कुठेतरी अग्रक्रम ठरवून घेतलेले असावेत आणि त्यावर नाराज झालेल्या विभागाला तिने काय सांगितले, हे तिला सांगता यावे.

कडीकुलूप

वरील दोन्ही लेखनांशी सहमत आहे, पण प्रमाणपत्रांना सरसकट निरुपयोगी ठरवू नये अशी विनंती करतो. सीआयएसएसपी किंवा सीआयएसएम ही माहिती सुरक्षेची प्रमाणपत्रे मिळवलेल्या माणसाला किमान भाषा सामायिक असते. जोखीम, नियंत्रण, पुरावा, उरलेली जोखीम या शब्दांवर वाद घालण्यात वेळ जात नाही. आयएसओ २७००१ माहिती सुरक्षेच्या व्यवस्थापनासाठी आणि आयएसओ २२३०१ व्यवसाय अखंड चालू ठेवण्याच्या व्यवस्थापनासाठी आहे, आणि ही दोन मानके एकमेकांना कुठे भिडतात हे ज्याला सांगता येत नाही, तो या जोडपदासाठी अपुरा आहे. प्रमाणपत्र ही दारातून आत येण्याची पात्रता समजावी, त्यापुढची परीक्षा वेगळी घ्यावी.

राखेतून

मी गेली बारा वर्षे रिकव्हरीच्याच कामात आहे, त्यामुळे थोडे लांब लिहितो. मूळ प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे, की या प्रमुखाला "बॅकअप आहे" आणि "आपण परत उभे राहू शकतो" या दोन वाक्यांमधले अंतर ओळखता आले पाहिजे. जाहीर झालेल्या घटनांमध्ये हे अंतर इतक्या वेगवेगळ्या रूपांत दिसते, की त्यांचा अभ्यास केलेला उमेदवार बोलू लागताच ओळखू येतो.

गिटलॅब या प्रोग्रामचा कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या कंपनीची ३१ जानेवारी २०१७ ची घटना घ्या. थकलेल्या अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवर डेटाबेसची डिरेक्टरी पुसण्याची आज्ञा दिली. चूक कोणाकडूनही होऊ शकते. पुढे जे उघड झाले ते महत्त्वाचे आहे. बॅकअप आणि प्रतिकृतीच्या पाच पद्धती कागदावर होत्या आणि त्यांतली एकही भरवशाची निघाली नाही. रोजची डेटाबेसची प्रत कित्येक दिवस तयारच होत नव्हती, कारण प्रत घेणारे साधन ९.२ आवृत्तीचे होते आणि डेटाबेस ९.६ चा. प्रत फसल्याचे इशारे ईमेलने निघत होते, पण त्यांवर योग्य डिजिटल स्वाक्षरी नसल्याने ते पलीकडे नाकारले जात होते. एका अभियंत्याने वेगळ्याच कामासाठी सुमारे सहा तास आधी हाताने घेतलेली एक प्रत होती, तिच्यावर सगळे तरले आणि सहा तासांची माहिती गेली. कंपनीने हे सगळे जसेच्या तसे जाहीर केले, याबद्दल मला त्यांच्याविषयी आदर आहे. या घटनेतून नेतृत्वासाठी निघणारा प्रश्न साधा आहे : इशारा आला नाही, याचा अर्थ सगळे ठीक आहे असा घेणारी व्यवस्था आपल्याकडे कुठे कुठे आहे?

मर्स्कवर २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या या विध्वंसक मालवेअरचा घाला पडला. या जहाज कंपनीच्या अध्यक्षांनी नंतर दावोसमध्ये सांगितले, की दहा दिवसांत ४,००० सर्व्हर, ४५,००० संगणक आणि २,५०० अॅप्लिकेशन नव्याने उभारावी लागली. इथे शिकण्यासारखी गोष्ट डोमेन कंट्रोलरची आहे. कोण वापरकर्ता आहे आणि कोणाला कुठे प्रवेश आहे हे सांभाळणारे हे सर्व्हर जगभर सुमारे दीडशे होते आणि ते एकमेकांच्या प्रती ठेवत. एक गेला तर बाकीचे आहेत, अशी कल्पना होती. सगळे एकाच वेळी जातील ही शक्यता धरलेलीच नव्हती. घानामधील कार्यालयातील एक तेवढा वाचला, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती. एकमेकांच्या जिवंत प्रती म्हणजे बॅकअप नव्हे, ही गोष्ट पुस्तकात वाचलेली असते. पण ती आपल्याच यंत्रणेला लावून पाहण्यासाठी दीडशे सर्व्हरच्या आरामदायी आकड्यावर कोणीतरी शंका घ्यावी लागते.

ब्रिटिश लायब्ररीचे उदाहरण मला सर्वांत जास्त छळते. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथे रॅन्समवेअरचा, म्हणजे माहिती कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या मालवेअरचा, हल्ला झाला आणि मार्च २०२४ मध्ये संस्थेने स्वतःच सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. डिजिटल संग्रहाच्या प्रती सुरक्षित होत्या. अडले ते असे, की त्या ज्यावर परत चढवायच्या ती पायाभूत यंत्रणाच राहिली नव्हती. हल्लेखोरांनी काही सर्व्हर नष्ट केले होते आणि अनेक जुन्या प्रणाली पुन्हा चालवता येत नव्हत्या, कारण त्यांना पुरवठादाराचे पाठबळ उरले नव्हते किंवा त्या नव्या सुरक्षित वातावरणात चालणे शक्य नव्हते. धान्य सुखरूप आहे, पण कोठार, चूल आणि भांडी गेली आहेत, अशी ती स्थिती होती. जुनी प्रणाली "चालते आहे ना, मग राहू द्या" म्हणून वर्षानुवर्षे पुढे ढकलणे हा दैनंदिन कारभाराचा निर्णय वाटतो. प्रत्यक्षात तो रिकव्हरीविषयीचा निर्णय असतो आणि तो कोणाच्या नावावर लागलेला नसतो. या पदावरील व्यक्तीने तो कोणाच्या तरी नावावर लावला पाहिजे.

म्हणून मुलाखतीत मी विचारेन : "तुम्ही शेवटचे पूर्ण रिस्टोअर कधी करून पाहिले, त्याला किती वेळ लागेल असे वाटले होते आणि किती लागला?" दोन आकड्यांमध्ये फरक नव्हता असे सांगणाऱ्याने ते केलेले नाही, एवढे मी खात्रीने म्हणतो.

पुरवठासाखळी

राखेतून यांनी लिहिलेल्यात एक भर घालतो. आता निम्म्याहून अधिक यंत्रणा दुसऱ्याच्या इमारतीत किंवा दुसऱ्याच्या खात्यावर असते, आणि "ते बघतील" हा समज फार खोलवर रुजलेला आहे. १० मार्च २०२१ रोजी स्ट्रासबर्गमध्ये ओव्हीएच या क्लाउड कंपनीचे एक डेटा सेंटर जळून गेले, तेव्हा ज्यांनी बॅकअपही त्याच परिसरात ठेवला होता, त्यांचे मूळ आणि प्रत दोन्ही गेले. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियात देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या कामाच्या फायली ठेवणाऱ्या सेवेतील ८५८ टेराबाइट माहिती नष्ट झाली. एवढ्या मोठ्या साठ्याची बाहेर प्रत ठेवलेली नव्हती. कोड स्पेसेस नावाच्या कंपनीच्या क्लाउड खात्याचा ताबा २०१४ मध्ये हल्लेखोराच्या हाती गेला, त्याने मूळ माहितीसह बॅकअपही पुसले आणि कंपनीला व्यवसाय बंद करावा लागला. तिन्ही ठिकाणी कारण वेगळे आहे, पण प्रत आणि मूळ यांचे दैव एकाच गोष्टीशी बांधलेले होते : एक परिसर, एक इमारत, एक लॉगिन.

जबाबदारी मात्र बाहेर देता येत नाही. ब्रिटनमधील टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये आपले सुमारे ५२ लाख ग्राहक नव्या प्रणालीवर नेले आणि ती प्रणाली पहिल्याच दिवसापासून कोलमडली. नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंड दंड केला. पुढे एप्रिल २०२३ मध्ये तेव्हाच्या मुख्य माहिती अधिकाऱ्याला व्यक्तिशः ८१,६२० पौंड दंड झाला, कारण पुरवठादार आणि त्याचे उपपुरवठादार खरोखर तयार आहेत की नाहीत, याची खातरजमा करण्यासाठी त्याने वाजवी प्रयत्न केले नाहीत. "आम्ही तयार आहोत" असे पत्र पुरवठादाराकडून आले, की ते दप्तरी दाखल करायचे की त्यामागचा पुरावा मागायचा, हा फरक इथे एका माणसाच्या नावावर मोजला गेला.

दोन_खुर्च्या

मला मूळ निर्णयाबद्दलच शंका आहे. सुरक्षा आणि उभारणी एकाच व्यक्तीकडे का द्यायची? हल्ल्यानंतर या दोन कामांचे हितसंबंध उघडउघड परस्परविरोधी असतात. सुरक्षेच्या माणसाला यंत्रणा आहे त्या स्थितीत गोठवून ठेवायची असते, पुरावे जपायचे असतात, हल्लेखोर आत कधीपासून आहे हे शोधल्याशिवाय काहीही चालू करायचे नसते. उभारणीच्या माणसावर दर तासाला दबाव वाढत असतो आणि त्याला डिस्क पुसून प्रत चढवायची असते. दोन्ही भूमिका एका डोक्यात घातल्या, तर त्यांतली एक गप्प बसेल, आणि बहुधा सुरक्षेची गप्प बसेल.

उत्तररात्र (धागाकर्ता)

दोन_खुर्च्या यांची शंका रास्त आहे आणि आमच्या बैठकीतही ती निघाली होती. आम्ही एकाच व्यक्तीकडे वळलो त्यामागे आयर्लंडच्या सार्वजनिक आरोग्य सेवेवरील हल्ल्याचा अहवाल होता. १४ मे २०२१ रोजी तिथे रॅन्समवेअर फुटले; हल्लेखोर मात्र १८ मार्चपासून, म्हणजे जवळजवळ आठ आठवडे आत होता. या काळात धोक्याच्या खुणा दिसल्या होत्या, पण त्यांचा धागा जोडून पाहणारे कोणी नव्हते. त्या अहवालातील एक निरीक्षण आम्ही फळ्यावर लिहून ठेवले : सायबर सुरक्षेसाठी वरिष्ठ पातळीवर एकही जबाबदार व्यक्ती नेमलेली नव्हती. हल्लेखोरांनी आठवडाभरात कुलूप उघडण्याची किल्ली फुकट दिली, तरीही सगळे सर्व्हर पूर्ववत होण्यास सप्टेंबर उजाडला.

राखेतून

दोन_खुर्च्या यांनी दाखवलेला संघर्ष खरा आहे आणि तो नाहीसा होणार नाही. प्रश्न एवढाच, की तो संघर्ष कोणाच्या टेबलावर येऊन सुटतो. दोन समान दर्जाच्या प्रमुखांमध्ये तो असेल, तर पहाटे तीन वाजता तो मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या फोनवर जातो, आणि त्या माणसाला डिस्कची प्रतिमा (हुबेहूब प्रत) घेणे म्हणजे काय हे तिथून समजावून सांगावे लागते. म्हणून खाली दोन स्वतंत्र चमू असावेत आणि वर निर्णय घेणारा एक असावा, असे माझे मत आहे. आधीच ठरवून ठेवण्याजोगी तडजोडही असते : हल्ल्यात सापडलेल्या मोजक्या यंत्रांच्या प्रतिमा पुराव्यासाठी घ्यायच्या आणि उभारणी जुन्या यंत्रांना हात न लावता बाजूला, स्वच्छ जागेत सुरू करायची. त्या स्वच्छ जागेसाठी लागणारे हार्डवेअर किंवा क्लाउडची रक्कम अंदाजपत्रकात असेल तरच हे शक्य होते. म्हणजे पुन्हा गोष्ट तीच, की भांडण पैशाच्या रूपाने आधी भांडून घ्यायचे.

प्रत किती जुनी घ्यायची हा त्यातला सर्वांत अवघड भाग आहे. हल्लेखोर आठ आठवडे आत असेल, तर कालची प्रत ताजी असते पण दूषित असू शकते, आणि दोन महिन्यांपूर्वीची स्वच्छ असते पण तिच्यात दोन महिन्यांचा व्यवहार नसतो. अशा वेळी माहिती नव्या प्रतीतून आणि प्रणाली जुन्या किंवा कोऱ्या माध्यमातून घेतात. हे वाक्य लिहायला सोपे आहे. प्रत्यक्षात कोणत्या प्रणालीत माहिती आणि प्रोग्राम वेगळे करता येतात, याची नोंद आधीपासून हाताशी असावी लागते.

रात्रपाळी

मी देखरेख कक्षात रात्रपाळीला असतो आणि प्रमुखांच्या निवडीबद्दल मला कोणी विचारत नाही. तरीही एक गोष्ट मनापासून सांगाविशी वाटते. घटना बहुधा आमच्यासमोर सुरू होते, आणि तेव्हा आमच्या मनात पहिला विचार धोक्याचा नसतो, "मी हे बंद केले आणि ते चुकीचे निघाले तर?" हा असतो.

कलोनियल पाइपलाइन या अमेरिकेतील इंधनवाहिनी कंपनीच्या प्रमुखांनी अमेरिकी सिनेटसमोर दिलेली साक्ष मी त्यासाठी पुन्हा पुन्हा वाचली आहे. ७ मे २०२१ रोजी पहाटे पाचच्या थोडे आधी एका कर्मचाऱ्याला खंडणीची चिठ्ठी दिसली. त्याने नियंत्रण कक्षाच्या पर्यवेक्षकाला कळवले, पर्यवेक्षकाने काम थांबवण्याचा आदेश दिला आणि सहा वाजून दहा मिनिटांपर्यंत सुमारे ५,५०० मैलांची वाहिनी बंद झाली होती. ती बंद करायला हवी होती की नाही, यावर नंतर पुष्कळ चर्चा झाली आणि ती बंद झाल्याचे परिणाम मोठे झाले. मला त्यातले एवढेच दिसते, की पर्यवेक्षकाला कोणाची परवानगी शोधत बसावे लागले नाही; धोका दिसल्यास काम थांबवण्याचा अधिकार त्या कंपनीत आधीपासून दिलेला होता.

आमच्याकडे पूर्वी असा अधिकार तोंडी होता. "गरज पडली तर बंद करा, आम्ही पाठीशी आहोत" असे म्हणत. एका रात्री माझ्या सहकाऱ्याने संशयास्पद हालचाल पाहून एका शाखेचे नेटवर्क तोडले. संशय खोटा निघाला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याकडून स्पष्टीकरण मागितले गेले. त्यानंतर वर्षभर रात्रपाळीत कोणीही काहीही तोडले नाही. नवीन प्रमुख आल्या तेव्हा त्यांनी अर्ध्या पानाचा आदेश काढला : कोणत्या पाच परिस्थितींत पाळीवरील व्यक्तीने न विचारता संबंध तोडायचा, आणि त्या पाचांत मोडणारा निर्णय चुकीचा निघाला तरी त्याचे उत्तर प्रमुख देतील, त्या व्यक्तीकडे विचारणा होणार नाही. त्यावर त्यांची आणि मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची सही आहे. तो कागद आमच्या टेबलाच्या काचेखाली आहे. सहा महिन्यांनी मीच त्याचा आधार घेऊन एक सर्व्हर तोडला, तो संशयही खोटा निघाला आणि सकाळी त्या येऊन फक्त एवढेच म्हणाल्या, की चौथी परिस्थिती आपण नीट लिहिलेली नाही, ती आज दुरुस्त करू.

कडीकुलूप

रात्रपाळी यांच्या लेखनानंतर एक विषय राहू नये म्हणून लिहितो, तो म्हणजे खरे सांगणे. उबरमध्ये २०१६ साली सुमारे ५ कोटी ७० लाख लोकांची माहिती चोरीला गेली. तेव्हाच्या सुरक्षा प्रमुखाने हल्लेखोरांना एक लाख डॉलर त्रुटी शोधल्याचे बक्षीस म्हणून दिले आणि घटना नियामकांपासून दडवली. ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयात तो दोषी ठरला. याच्या उलट नॉर्स्क हायड्रो. मार्च २०१९ मध्ये रॅन्समवेअरने या अॅल्युमिनियम कंपनीला घेरले तेव्हा तिने खंडणी दिली नाही, त्याच दिवशी जाहीरपणे सांगितले, पुढेही नियमित माहिती देत राहिली आणि अनेक कारखान्यांत कागद आणि हाताने काम चालू ठेवले.

युरोपात वैयक्तिक माहितीची गळती कळल्यापासून ७२ तासांत कळवावी लागते, आणि अमेरिकेत २०२३ पासून शेअर बाजारात नोंदणीकृत कंपन्यांना घटना गंभीर असल्याचे ठरवल्यापासून चार कामकाजाच्या दिवसांत. इतक्या थोड्या वेळात अर्धवट माहितीवर सत्य आणि नेमके विधान करणे हे स्वतंत्र कसब आहे. उमेदवाराला एक कल्पित घटना देऊन अर्ध्या तासात निवेदन लिहायला सांगा. जे अजून कळलेले नाही ते "कळलेले नाही" असे लिहिण्याचे धाडस त्यात दिसते का, तेवढे पाहा.

ताळेबंद

एका बारीक गोष्टीची आठवण करून देतो. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने ८५ लाख विंडोज यंत्रे बंद पडली, तेव्हा कित्येक ठिकाणी डिस्क उघडण्याच्या किल्ल्या ज्या सर्व्हरवर होत्या तेच सर्व्हर बंद होते. फेसबुकची सेवा ४ ऑक्टोबर २०२१ रोजी सुमारे सहा तास बंद होती, तेव्हा दुरुस्तीसाठी लागणारी अंतर्गत साधनेही त्याच बिघाडाने चालेनाशी झाली होती. उत्तररात्र यांचे पिवळे पाकीट मोठमोठ्या ठिकाणीही हरवलेले असते.

दोन_खुर्च्या

माझी शंका पूर्ण गेलेली नाही, पण खाली दोन चमू आणि वर एक निर्णयकर्ता ही मांडणी मला मान्य होण्यासारखी आहे. मात्र सुरक्षा चमूच्या प्रमुखाला मतभेद लेखी नोंदवून थेट संचालक मंडळाकडे पाठवता आला पाहिजे, ही अट त्यात घालावी. त्याखेरीज आपत्तीच्या तालमीबद्दल एक सूचना करतो. बहुतेक तालमींत सर्वांत जाणकार माणूस हजर असतो आणि तोच सगळे निभावून नेतो. तालीम सुरू होताच त्याला बाहेर बसवावे आणि त्याचा फोन काढून घ्यावा.

उत्तररात्र (धागाकर्ता)

सर्वांचा मनापासून आभारी आहे. काल मसुदा नव्याने लिहिला. प्रमाणपत्रांची ओळ एकच ठेवली आहे. बाकीच्या यादीच्या जागी आता असे आहे, की या व्यक्तीने विभागांकडून उभारणीचा क्रम सहीनिशी ठरवून घ्यावा आणि तारखेनुसार तो कसा बदलतो हे त्यात दाखवावे. वर्षातून किमान दोनदा पूर्ण रिस्टोअर करून त्याला प्रत्यक्ष लागलेला वेळ संचालक मंडळाला सांगावा. पाठबळ संपलेल्या प्रत्येक प्रणालीसमोर ती चालू ठेवणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव लिहावे. पुरवठादाराच्या तयारीचा पुरावा स्वतः पाहावा. सुरक्षा चमूचा मतभेद थेट मंडळाकडे जाईल, हेही घातले आहे. मुलाखतीत राखेतून यांचा प्रश्न आणि कडीकुलूप यांचे अर्ध्या तासाचे निवेदन, दोन्ही राहतील.

मसुद्याला एक जोडपत्रही लावले, आणि त्यावर बैठकीत सर्वांत जास्त वेळ गेला. ते उमेदवाराकडून काय हवे याचे नसून संस्था त्याला काय देणार याचे आहे : घटना जाहीर झाल्यावर उभारणीचा क्रम ठरवण्याचा, संबंध तोडण्याचा आणि ठरावीक मर्यादेपर्यंत खर्च करण्याचा लेखी अधिकार. रात्रपाळी यांच्या काचेखालच्या कागदाबद्दल मी तिथे सांगितले. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी दोन दिवस मागून घेतले आणि आज सकाळी सही करून पाठवले. खर्चाची मर्यादा तेवढी त्यांनी निम्मी केली आहे.

प्रमुख रुजू होईपर्यंत थांबायचे नाही, असेही ठरले. पहिले पूर्ण रिस्टोअर पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आहे. परवलीच्या वाक्याची छापील प्रत दोन वेगवेगळ्या इमारतींतील तिजोऱ्यांत ठेवली असून, शून्य आणि ओ यांच्याखाली अक्षरांत तसे लिहिले आहे. आमच्या येथे बॅकअपची सगळी माहिती माझ्याच डोक्यात आहे, त्यामुळे त्या दिवशी खोलीबाहेर बसणारा माणूस मीच आहे आणि सकाळी आठ वाजता माझा फोन ग्राहकसेवेच्या व्यवस्थापिका ताब्यात घेणार आहेत.